वाचकांचे प्रश्न, सुभेदारांची उत्तरं : आधी मोरीचं विचारा

(परदेशात लढून आलेल्या सैनिकांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या वेळी पारोळा तालुक्यातले एक निवृत्त नायब सुभेदार उत्तरं देत आहेत. ते बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनियर पलटणीत होते आणि १९८८-८९ मध्ये भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. आता शेती करतात. त्यांनी उत्तरं बोलून सांगितली, आम्ही उतरवून घेतली.)

माझे वडील १९८७ च्या अखेरीस श्रीलंकेत गेले, ८९ मध्ये परत आले. आता सत्तरी ओलांडली आहे. त्या दिवसांबद्दल घरात एक अक्षर काढत नाहीत. माझा मुलगा नववीत आहे. ‘आजोबा, तुम्ही किती जणांना मारलं?’ असं त्यानं विचारलं, की ते चप्पल घालून बाहेर निघून जातात. त्यांना बोलतं कसं करावं? – एक शिक्षिका, अमळनेर

ताई, पहिलं काम म्हणजे पोराचा तो प्रश्न बंद करा. ज्याच्याकडे त्याचं उत्तर आहे, त्याला ते नातवासमोर द्यायचं नसतं. आणि ज्याच्याकडे नाही, त्याला उगाच वाटतं की आपण तिथं जाऊन काही केलंच नाही. फौजेत बंदूक सगळ्यांच्याच हातात असते, पण दिवसभर माणूस करत असतो ते काम वेगळंच. कोणी गाडी चालवतो, कोणी तार ओढतो, कोणी लंगरात दोनशे माणसांच्या पोळ्या लाटतो. वडील कोणत्या कामावर होते ते तुम्ही लिहिलं नाही. माझा अंदाज, तुम्हालाही ते नीट माहीत नसावं. आधी ते शोधा. प्रश्न तिथून निघतो.

माझंच सांगतो. मी सॅपर, पुण्याजवळ खडकीला शिकलेला. श्रीलंकेत आमचं रोजचं काम रस्ता उघडायचं. दोन ठाण्यांमधला रस्ता रात्रभर बेवारस पडलेला असायचा. सकाळी त्यावरून रेशनची गाडी, पाण्याचा टँकर, जखमींची गाडी जायची, त्याच्या आधी आम्ही तो पायी चालून तपासायचा. दोन्ही बाजूंना पायदळाचे जवान झाडीत आत शिरून चालायचे, जमिनीत पुरलेली वायर शोधत. मधे रस्त्यावर आम्ही. हातात डिटेक्टर, पण त्याच्यावर भरवसा ठेवून चालत नसे. पलीकडचे लोक, म्हणजे तमिळ वाघ (एलटीटीई, वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना), हुशार. स्फोटाची दारू प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून पुरायचे. धातूच नाही तर डिटेक्टर बोलणार काय? म्हणून सगळा भार डोळ्यांवर. ताजी उकरलेली माती. आजूबाजूला सगळं कोरडं आणि एकाच जागी ओल. रोज वळणावर बसणारी म्हातारी आज बसलेली नाही, हेसुद्धा आम्ही मोजायचो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोऱ्या, रस्त्याखालून पाणी जायला ठेवलेल्या. मोरीखाली हवी तेवढी दारू बसते आणि वरून काही दिसत नाही. लांब झाडीत बसलेला माणूस वायरचं बटण दाबणार, तेही पहिल्या माणसावर नाही, मागून येणाऱ्या भरलेल्या गाडीवर. म्हणून प्रत्येक मोरीत कोणीतरी उतरायचं, वाकून, कधी पोटावर सरपटत. आत काय असायचं? बहुतेक वेळा बेडूक आणि चिखल. पण ते आत गेल्यावर कळायचं.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुटीवर आलो, तर गावात जो तो विचारी, ‘लढाई कशी चालू आहे?’ मी म्हणे, ‘बरी चालू आहे.’ दुसरं काय सांगणार? दिवसभर मोऱ्या बघतो म्हटलं असतं तर पारावरची मंडळी म्हणाली असती, हा फौजेत गेला का बांधकाम खात्यात? माझ्या बापानं मात्र वेगळंच विचारलं. आयुष्यभर कपाशी आणि ज्वारी केलेला माणूस. रात्री ओट्यावर बिडी पेटवून म्हणे, ‘तठे जमीन कशी शे?’

मी सांगत सुटलो. जाफन्याची माती लाल, अगदी कुंकवासारखी. नदी एक नाही, सगळी शेती विहिरीवर. जमिनीखाली चुनखडीचा दगड, त्यामुळे पाणी फार खोल नाही. बारीक लाल कांदा, तंबाखू, केळी. आपल्या रावेर-यावलची केळी पाहिलेल्या माणसाला तिथली बाग काही मोठी वाटत नाही, पण निगा चांगली. बांध म्हणून ताडाच्या पानांचं कुंपण, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, घराघराला, शेताशेताला. बाप मधेच म्हणाला, ‘मंग कुंपनना पलीकडनं काही दिखत नही व्हई.’ तिथंच तर सगळं होतं. त्या कुंपणांच्या बोळात आपली माणसं कशी अडकायची, गोळी कुठून आली तेच कसं कळायचं नाही, हे मी बापाला त्या रात्री सांगितलं. आमच्या हवालदाराचंही सांगितलं. त्या दिवशी मोरीत उतरायची पाळी माझी होती. तो म्हणाला, ‘तू परवाच तापातून उठलाय, बस वर,’ आणि स्वतः उतरला. तो सातारा जिल्ह्यातला होता. त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

म्हणून ताई, कामाचं विचारा. बोटीनं गेलात का विमानानं? झोपायला काय होतं? घरचं पत्र किती दिवसांनी पोचायचं? पावसात बूट वाळायचे कसे? शाळेतल्या पोराला नकाशा घेऊन बसवा आणि आजोबांना विचारायला सांगा, वावुनिया कुठे, त्रिंकोमाली कुठे, किलिनोच्ची कुठे. नकाशावर बोट ठेवताना फौजी माणूस गप्प बसत नाही. चुकीच्या जागी बोट ठेवलंत तर अजून चांगलं, दुरुस्त करायला तरी बोलेल. मधेच उठून गेले तर जाऊ द्या, मागे लागू नका.

आणखी एक. गावात दोस्त मंडळी ‘दोन पेग पाजू, मग बोलेल’ असं म्हणतात. तसं बोललेलं दुसऱ्या दिवशी माणसाला जड जातं. ते करू नका. रात्री ओरडून उठत असतील, फटाक्यांच्या दिवसांत घर सोडून मळ्यात जाऊन राहत असतील, तर माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्यात सांगून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पाठ दुखली तर जातोच ना आपण?

आमच्या पुस्तकात ‘भारताने श्रीलंकेत शांतिसेना पाठवली’ एवढंच आहे. तिथे खरोखर युद्ध झालं का? आणि आपण हरलो का? – बी.ए.चा विद्यार्थी, धुळे

झालं बाबा, चांगलंच झालं. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, ते चित्र तू पाहिलं असशील. सिंहली लोकांना करार किती पसंत होता ते त्यावरून समज. आपलं काम होतं तमिळ वाघांची हत्यारं जमा करून घ्यायची आणि दोन्ही बाजूंच्या मधे उभं राहायचं. ऑगस्टमध्ये थोडी हत्यारं जमा झाली. ऑक्टोबरमध्ये सगळं फिसकटलं आणि ज्यांच्यासाठी गेलो म्हणत होतो त्यांच्याशीच लढाई जुंपली. तिला नाव ऑपरेशन पवन.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरनं कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीचे जवान उतरवले. पलीकडच्यांना आधीच खबर होती. शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जण उतरले, एकोणतीस मारले गेले, एक जिवंत पकडला गेला. पुढची हेलिकॉप्टरं उतरूच शकली नाहीत. आमच्या ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट उस्ताद लोक पुढं कितीतरी वर्षं सांगत. ऑक्टोबर संपायच्या आत जाफना शहर घेतलं, पण त्याची किंमत मोठी पडली. आपल्या जवानाच्या हातात एसएलआर रायफल, लांबलचक आणि जड, आणि बोळातून येणाऱ्या पोराच्या हातात एके-४७. ते पोर तुझ्यापेक्षा लहान असायचं कधी कधी, आणि गळ्यात सायनाइडची कुपी.

२५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतत होते. त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. ते वळसा घालून हल्लेखोरांच्या मागे गेले. छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मुंबईत जन्मलेला माणूस. आपल्याकडे किती जणांना हे नाव ठाऊक आहे? कारगिलची नावं पोरं धडाधड सांगतात. सांगावीच, पण हेही सांगावं.

शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. साडेअकराशेच्या वर माणसं तिकडे कामी आली आणि जखमी त्याहूनही कितीतरी जास्त. परतलेल्या फौजेच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. ते त्यांचं राजकारण, त्यांच्या मतदारांना धरून होतं. पण बोटीवरून उतरणाऱ्या जवानाला ते कसं समजावणार?

हरलो का म्हणशील, तर जाफना घ्या म्हणाले, घेतलं. रस्ते उघडे ठेवा म्हणाले, ठेवले. त्यापुढे नक्की काय साधायचं ते वरून कोणी सांगितलं नाही. पुढे श्रीलंकेत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनीच म्हटलं, निघा आता. ज्या कामाचा शेवट ठरवलेलाच नव्हता, त्यात हार-जीत मोजायला बसणं मला तरी जमत नाही. दिल्लीतल्यांना विचार.

काका, तिथे खाण्याचे हाल झाले का? – शिरपूर

हाल नाही, कंटाळा. डबाबंद भाजी, डाळ, शक्करपारे. नारळ मात्र मुबलक. खोबरेल तेलातली भाजी आम्हा शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेल्यांच्या घशाखाली पहिले आठ दिवस उतरली नाही, नंतर उतरू लागली. सुटीवरून परतताना मी कळण्याचं पीठ आणि लाल मिरचीचा ठेचा नेला. पीठ वाटेत जहाजातच संपलं. ठेचा मात्र आमच्या सेक्शनमधल्या एका गढवाली जोडीदारानं बोटावर घेऊन चाटला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

तुमच्यावर सुरुंग पेरणाऱ्या त्या लोकांबद्दल आज राग येतो का? – एक वाचक, नंदुरबार

पेरणाऱ्यांबद्दल येतो. लोकांबद्दल नाही.

आमच्या आधी गेलेले सांगत, सुरुवातीला जाफन्यात लोकांनी हार घातले, फुलं उधळली. मी पोचलो तेव्हा दारं बंद होती. त्यांचीही बाजू आहे, आणि ती आपल्याकडे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. २१ ऑक्टोबर १९८७, ऐन दिवाळीचा दिवस. आपले जवान जाफन्याच्या मोठ्या इस्पितळात शिरले आणि डॉक्टर, नर्सा, रोगी मिळून साठाच्या आसपास माणसं मेली. आतून गोळीबार होत होता, असं आपल्या बाजूनं सांगतात. तिथले लोक ते मान्य करत नाहीत. मी तेव्हा तिथे नव्हतो, त्यामुळे कोणाच्या वतीनं शपथ घेणार नाही. पण ज्या घरातली नर्स त्या दिवशी कामावर गेली आणि परत आली नाही, त्या घरानं मला बघून दार लावलं तर मी काय म्हणू?

आमच्या ठाण्याजवळ एक मास्तर राहायचे, निवृत्त. त्यांना इंग्रजी यायचं, मला मोडकंतोडकं. एकदा त्यांच्या विहिरीवर पाणी भरताना ते म्हणाले, ‘तुम्ही गेल्यावर हे पाणी दिलं म्हणून मला जाब विचारतील.’ तरी पाणी बंद केलं नाही. आम्ही निघालो तेव्हा त्यांचं काय झालं असेल, याचा विचार मी अजून करतो. १९९० नंतर त्या भागात जे झालं ते वाचलं, की पुढचं वाचवत नाही.

माझे मालक १९८८ मध्ये श्रीलंकेत गेले ते आलेच नाहीत. तेव्हा मी वीस वर्षांची होते. घरी फक्त अस्थी आल्या. आता गुडघे साथ देतात तोवर त्यांचं नाव कुठे कोरलेलं असेल तर एकदा हात लावून यायचं आहे. कुठे जावं? – एक वीरपत्नी, रावेर तालुका

वहिनी, आधी दिल्लीला जा. इंडिया गेटच्या मागे राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं. तिथे त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांची नावं ग्रॅनाइटच्या विटांवर कोरली आहेत, एका विटेवर एक नाव. श्रीलंकेत कामी आलेल्यांचीही आहेत. स्मारकाच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. मालकांचा आर्मी नंबर आणि रेजिमेंट घेऊन नातवाला बसवा आणि कोणत्या भिंतीवर आहे ते इथूनच लिहून न्या. तिथे ऊन फार असतं, शोधत फिरू नका. भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा.

श्रीलंकेतही दोन ठिकाणी स्मारक आहे. एक कोलंबोजवळ बत्तरमुल्लाला, जाणं सोपं. दुसरं जाफन्याजवळ पलालीला. तो भाग लष्करी आहे, परवानगीशिवाय जाऊ देत नाहीत. जाफन्यात आपल्या सरकारचा वाणिज्य दूतावास आहे, तिथे आधी पत्र पाठवा. जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून वीरपत्नी असल्याचा दाखला घेऊन त्याची प्रत सोबत जोडा. एकट्या जाऊ नका. मालकांच्या पलटणीतलं कोणी तुमच्या बाजूला राहत असेल तर त्यांना विचारा, बरोबर येता का. मला खात्री आहे, हो म्हणतील.

पणजोबांच्या लोखंडी ट्रंकेत एक सहा टोकांचा पितळी तारा सापडला. त्यावर इंग्रजीत ‘इटली स्टार’ असं आहे. पणजोबा शेतकरी होते आणि फौजेत ‘कुठेतरी बाहेर’ गेले होते, एवढंच आजीला माहीत आहे. ते तिकडे लढले होते का? – चोपडा

तारा खरा असावा. फीत शिल्लक असेल तर बघ, लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे असतील, इटलीच्या झेंड्याचे रंग. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते ४५ या काळात इटलीत जे होते त्यांना हा मिळाला. तेव्हाच्या ब्रिटिश हिंदी फौजेच्या चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन डिव्हिजन तिथे लढल्या. मराठा पलटणी त्यात होत्या. नाईक यशवंत घाडगे हे माणगावकडचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनची सगळी माणसं पडली, तेव्हा एकट्यानं मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. इटलीत मोन्तोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावानं स्मारक झालं. दुसरे संगमनेरकडचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडे नेलं, मग परत जाऊन शत्रूची ठाणी उडवली आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, आणि ते जिवंत परत आले.

पण तुझे पणजोबा लढले का, ते ताऱ्यावरून कळणार नाही. तारा त्या मुलखात नोकरी केल्याचा असतो. तिकडच्या डोंगरात गाडी चढायची नाही म्हणून दारूगोळा आणि रोट्या खेचरांवर लादून रात्रीच्या रात्री वर न्यायला हिंदी खेचर कंपन्या होत्या. शेतकऱ्याच्या पोराला जनावरं सांभाळता येतात, हे फौजेला चांगलं माहीत असायचं. पणजोबा खेचरांमागे असतील, तर तोफेच्या माऱ्यात बिथरलेलं जनावर आवरणं ही काय साधी गोष्ट आहे? आजीला विचार, पणजोबा बैलाशी कसे बोलायचे, घरात न कळणारे शब्द तोंडात यायचे का, थंडीबद्दल काही म्हणायचे का. म्हातारीला ‘युद्ध’ म्हटलं तर आठवणार नाही, ‘बैल’ म्हटलं तर आठवेल.

आता काम. ट्रंकेचा तळ नीट बघ, कपड्यांखाली डिस्चार्जचं पुस्तक किंवा एखादा कागद असतो. त्यावरचा नंबर, हुद्दा आणि पलटण टिपून घे. मराठा पलटण असेल तर अभिलेख कार्यालय बेळगावला, महार असेल तर मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्स असेल तर आमच्या खडकीला. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिही, वारस असल्याचा पुरावा जोड आणि जळगावच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठव. परस्पर पाठवलेला अर्ज फार दिवस फिरत राहतो. तारा सोनाराकडे देऊन चकचकीत करू नकोस, मऊ फडक्यानं पूस एवढंच. आणि अर्जाची पोच घे. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर त्या पोचेवरचा नंबर सांगून फोन कर, नाहीतर पहिल्यापासून सगळं सांगायला लागतं.